मुफ्तीसाहेबांची आठवी चूक

मुफ्तीसाहेबांना गल्लीत कुणी वाईट म्हणत नसे, आणि आपाला नेमकं हेच सहन होत नसे.

आपा ही त्यांची धाकटी बहीण. वय पंचावन्न, लग्न झालेलं नाही, जीभ कात्रीसारखी. सगळी गल्ली तिला आपा, म्हणजे ताई, म्हणायची आणि तिच्याहून आठ वर्षांनी मोठे असलेले मुफ्तीसाहेबही आपाच म्हणायचे. दोघं एका घरात राहायची, एका चुलीवरचं जेवायची, आणि एकतीस वर्षांत आपाने भावाला बरं वाटेल असं एकदाही काही म्हटलेलं नव्हतं. त्याला ताप आला तर औषध द्यायची, पण ग्लास असा आदळायची की अर्धं पाणी टेबलावर. भाभी होत्या तोवर त्या मध्ये पडायच्या. सहा वर्षांपूर्वी त्या वारल्या. उरला मुफ्तीसाहेबांचा मुलगा, पण तो आत्यापुढे तोंड उघडायच्या आधी दाराकडे बघून ठेवायचा.

मुफ्ती म्हटलं की पेपर वाचणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे भलतंच काहीतरी उभं राहतं. फतवा म्हणजे जणू तोफेचा गोळा. प्रत्यक्षात लोकांनी प्रश्न विचारायचे आणि मुफ्तीने शरियतचा कायदा पाहून लेखी उत्तर द्यायचं, एवढंच ते काम. त्या लेखी उत्तराला फतवा म्हणतात. आणि प्रश्न तरी कसले? दाताला चांदी भरली असेल तर नमाजाआधीची चूळ पुरी धरायची का. शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आपल्या अंगणात आली तर तिची फळं कुणाची. वडील गेले, घर एक, भाऊ दोन, बहिणी तीन, कुणी कुणाचं तोंड बघायला तयार नाही, आता भिंत कुठे घालायची.

हे सगळं घराच्या पुढच्या खोलीत चालायचं. तिला गल्लीकडे उघडणारं वेगळं दार होतं आणि त्या दाराला फट पाडलेला पत्र्याचा डबा ठोकलेला होता. लोक त्यात चिठ्ठी टाकून जात. चार-पाच दिवसांत उत्तर मशिदीच्या व्हरांड्यातल्या फळ्यावर लागे, चिठ्ठीच्या नंबरासकट. चिठ्ठीवर नाव घालायचं नाही हा नियम. एक माणूस, एक बाई, त्या बाईचा दीर, बस. नाव कळलं की मन एका बाजूला कलतं, असं मुफ्तीसाहेबांचे गुरू सांगत. दुसरा नियम, जेवढं विचारलंय तेवढ्याचंच उत्तर द्यायचं, आणि विचारण्यात काही राहून गेलं असेल तर ‘प्रश्न अर्धा आहे’ असं लिहून चिठ्ठी परत लावायची. अंदाजाने उत्तर द्यायचं नाही. मुफ्तीसाहेबांनी आयुष्यभर हे दोन्ही नियम पाळले होते. म्हणजे, लोक तसं समजत.

वडील घड्याळं दुरुस्त करत. मुलगा हुशार निघाला म्हणून अकराव्या वर्षी त्याला दूरच्या शहरातल्या मदरशात धाडलं. पंधरा वर्षांनी तो परतला तेव्हा दाढी आली होती, पाठीला पोक यायला लागला होता आणि बरोबर पुस्तकांच्या तीन पेट्या होत्या. सहा वर्षं त्याने मुलांना शिकवलं. मग जुने मुफ्ती वारले आणि बत्तिसाव्या वर्षी तो त्यांच्या जागी बसला. तेव्हापासून एकच टेबल, एकच खुर्ची. कुणाकडून भेट घ्यायची नाही. ज्या घरचा प्रश्न डब्यात पडलाय असा संशयही असेल त्या घरी जेवायचं नाही. वहीत प्रत्येक उत्तराची नक्कल ठेवायची.

आणि त्यांची खरी ख्याती वेगळ्याच गोष्टीची. आपण दिलेलं उत्तर चुकलं असं पुढे कधी लक्षात आलं तर मुफ्तीने ते जाहीरपणे मागे घ्यावं असा त्या विद्येचा दंडक आहे. दंडक सगळ्यांनाच ठाऊक असतो, पाळणारे थोडे. मुफ्तीसाहेबांनी तो सात वेळा पाळला होता. शुक्रवारच्या नमाजानंतर उभं राहायचं, नंबर सांगायचा, आणि म्हणायचं, ‘मी चुकलो.’ एकदा एका विधवेचे घरात बसायचे दिवस त्यांनी चुकीचे मोजले होते, तर तिचं घर शोधत ते भर उन्हात चालत गेले होते. एक चूक त्या दातातल्या चांदीचीच होती. लोक म्हणत, असा माणूस होणे नाही. हे कानावर पडलं की आपा स्वयंपाकघरात भांडी जोराजोरात घासायला घ्यायची.

तीन वर्षांपूर्वी काचबिंदूने मुफ्तीसाहेबांची नजर गेली. उजेड-अंधार कळायचा, अक्षर नाही. मुलाला शाळेची नोकरी होती, शुक्रवारी मशिदीत प्रवचन होतं, आणि त्याचं अक्षर पाहून डॉक्टरसुद्धा लाजले असते. घरात अक्षर होतं ते एकट्या आपाचं.

“तुझ्यासाठी नाही करत,” आपा पहिल्या दिवशी पेन उघडताना म्हणाली. “लोक ताटकळतात म्हणून.”

तेव्हापासून रोज सकाळी ती चिठ्ठ्या वाचायची, मुफ्तीसाहेब डोळे मिटून सांगायचे, ती लिहायची, ते सही करायचे. अधूनमधून तिचा टोमणा यायचा. एखाद्या नवऱ्याने बायकोच्या माहेरच्या भांड्यांवर हक्क सांगितला तर ती वाचून म्हणायची, “भांड्यातलं त्याच्या डोक्यात घालायची परवानगी आहे का, ते पण सांग.” मुफ्तीसाहेब हसत नसत. ते हसले असते तर तिला आणखी राग आला असता.

आता हे वैर कुठून आलं ते सांगायला हवं.

एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मुफ्तीसाहेब मुलांना शिकवायचे तेव्हापासून त्यांच्या वह्यांना पुठ्ठे बांधायला दोन घरं पलीकडचा एक बाइंडर यायचा. पुढच्या खोलीत फतकल मारून बसायचा, सुई-दोरा दातात, हाताला खळीचा वास. वहीच्या पाठीवर चिकटवायच्या पट्टीवर चांगलं अक्षर हवं म्हणून त्याने एकदा आतल्या दारातून विचारलं, “घरात कुणाचं अक्षर बरं आहे का?” आपाने पट्टी लिहून दिली. पुढच्या खेपेला दोन. मग तो एका वहीला चार-चार पट्ट्या लागतात असं सांगायला लागला. तीन वर्षांत आपाने इतक्या पट्ट्या लिहिल्या की तेवढ्या वह्या आख्ख्या गल्लीत नव्हत्या. भाभींच्या ते लक्षात आलं, त्यांनी हसून नवऱ्याला सांगितलं, मुलाकडचे मोठे विचारायला आले, आणि सगळ्यांनी हो म्हटलं. आपा चोवीस वर्षांची होती. खूश होती हे सांगायला नकोच, त्या दिवसांत तिची जीभसुद्धा मऊ झाली होती म्हणतात.

लग्नाला वीस दिवस राहिले असताना गल्लीतली म्हातारी सुईण आली, चहा प्यायली आणि म्हणाली, “ह्यांचं लग्न कसं होईल गं? हिची आई टायफॉइडने दवाखान्यात पडली होती तेव्हा ही रडून घर डोक्यावर घ्यायची. शेवटी ह्या पोराच्या आईने हिला पदराखाली घेतलं, आपलं धाकटं तान्हं बाजूला ठेवून. मी डोळ्यांनी पाहिलंय.”

ज्या बाईचं दूध बाळ प्यालं ती त्याची आई आणि तिची मुलं त्याची भावंडं. त्यांच्यात लग्न नाही. एवढं गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. बाइंडरची आई कधीच गेली होती. आपाची आईही आदल्या वर्षी गेली होती. मुफ्तीसाहेब पुढच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं, दोन तासांनी बाहेर आले. “हे लग्न होऊ शकत नाही. तुम्ही बहीणभाऊ आहात.” आपाने विचारलं, “नक्की?” ते म्हणाले, “नक्की.” आणि परत टेबलापाशी जाऊन बसले, कारण डब्यात चिठ्ठ्या होत्या.

निकाल खरा आहे हे आपाने तेव्हाच मान्य केलं होतं. तिचं वैर होतं ते त्या परत जाऊन बसण्याशी. डोक्यावर हात ठेवला असता तर हात झिजला नसता. बाइंडर महिन्याभरात गाव सोडून गेला आणि सात महिन्यांनी त्याचं लग्न झाल्याचं कळलं. आपा मागे राहिली ती एका घाणेरड्या विचारासोबत. तीन वर्षं आपण भावाकडे त्या नजरेनं पाहत होतो, ह्या विचाराने तिच्या घशाखाली घास उतरत नसे. पुढे स्थळं आली. तिने एकेकाला असं काही तोंडावर बोलून घालवलं की यायची बंद झाली. आपण नासलोय असं तिने मनाशी धरलं होतं, आणि हे ती कुणालाच बोलली नव्हती.

त्या मंगळवारी सकाळी तिसरी चिठ्ठी तिने नेहमीच्या सुरात वाचली. “एका मुलाचं आणि एका मुलीचं लग्न ठरलं आहे. आता मुलाची काकी म्हणते, मुलीला लहानपणी मुलाच्या आईने पाजलं होतं. दुसरं कुणी सांगणारं नाही. लग्न करता येईल का?”

मुफ्तीसाहेबांचे डोळे मिटलेले होते. अशा प्रश्नांची उत्तरं त्यांच्या ओठांवर असत. “प्रश्न अर्धा आहे. लिही. पाजलं तेव्हा मुलीचं वय किती होतं? दोन वर्षांनंतर प्यालेल्या दुधाने नातं लागत नाही. शिवाय एकट्या काकीच्या सांगण्यावर हे सिद्ध धरत नाहीत. निदान दोन पुरुष हवेत, नाहीतर एक पुरुष आणि दोन बाया…”

आणि ते थांबले. कागदावर पेन चालल्याचा आवाज बंद झाला होता.

“किती?” आपा म्हणाली.

“काय किती?”

“वर्षं. आत्ता किती म्हणालास?”

“दोन.”

आपाने पेन खाली ठेवलं. “आई दवाखान्यात होती म्हणून तुला मदरशात पोचवायला मामा गेले होते. बरोबर? आई सारखी सांगायची, तापामुळे लेकाला निरोपसुद्धा देता आला नाही.”

“हो.”

“तू किती वर्षांचा होतास?”

“आपा…”

“किती वर्षांचा?”

“अकरा.”

“आणि मी तुझ्याहून आठ वर्षांनी लहान. कर की हिशोब. लोकांच्या घरांचे चोविसावे हिस्से बोटांवर पाडतोस. अकरातून आठ गेले, उरले किती?”

“तीन,” ते म्हणाले.

“आणि सुईण एकटीच होती.”

“हो.”

“तुला हे आत्ता सुचलं, का आधीच माहीत होतं?”

इथे ते खोटं बोलू शकले असते. नजर गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही. पण खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, आणि गप्प राहायची सवय मात्र दांडगी होती. “दुसऱ्या वर्षी,” ते म्हणाले. “मुलं अजून शिकायला यायची, त्यांना तो धडा शिकवत होतो. एकाने विचारलं, मूल मोठं असेल तर? मी उत्तर दिलं आणि तिथेच लक्षात आलं. पण तोवर त्याचं लग्न झालं होतं, आपा.”

“माझं झालं नव्हतं!”

हे वाक्य गल्लीत ऐकू गेलं. समोरचा शिंपी मशीन थांबवून दारात आला आणि इकडचा रागरंग पाहून परत आत गेला.

“मला वाटलं, तू आता शांत झालीयस. पुन्हा कशाला उकरायचं.”

“शांत?” आपा उभी राहिली. “मी तौबा करत होते, भाई. रोज पाच वेळा. प्रत्येक नमाजानंतर अल्लाहची माफी मागत होते, की माझी भावावर तसली नजर गेली. तू शेजारच्या चटईवर बसलेला असायचास. दिसायचं ना मला रडताना? तेव्हा तर डोळे शाबूत होते तुझे.”

“दिसायचं.”

“आणि गप्प बसलास.”

“निकाल दिला तेव्हा मी सात महिन्यांचा मुफ्ती होतो. लग्न चालेल म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, घरचं प्रकरण म्हणून हलालचा शिक्का मारला.”

“म्हणून हरामचा मारलास. शाबास. लोकांची तोंडं बंद झाली आणि माझं आयुष्यही.” तिने चिठ्ठ्यांचा गठ्ठा उचलून त्यांच्या मांडीवर टाकला. “शुक्रवारी मशिदीत उभा राहा आणि सांग. तोवर मी एक अक्षर वाचणार नाही.”

बुधवारी डबा भरला. गुरुवारी चिठ्ठ्या फटीतून बाहेर लोंबायला लागल्या. लोक दार वाजवत, आपा खिडकीतून सांगे, “मुफ्तीसाहेबांचं दुकान बंद आहे.” शेवटी तिचा भाचा शाळेतून येऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभा राहिला.

“आत्या, अब्बांचं वय बघ. हे एक मागे घेतलं तर लोक त्यांचे सगळे फतवे उकरून काढतील.”

“काढू देत.”

“आणि तुला आता काय मिळणार आहे त्यातून?”

आपा हातातला चाकू ठेवून त्याच्याकडे वळली. “तुझ्या बापाने सात वेळा ‘मी चुकलो’ म्हटलंय. त्यातली एक चूक चूळ भरण्याची होती. मी चुळीहून स्वस्त आहे का रे?”

भाच्याने दाराकडे पाहिलं आणि निघून गेला.

गुरुवारी दुपारी मुफ्तीसाहेबांनी हाक मारली. “लिहून घे.”

ती बसली. जाहीर माघारीचा मसुदा ठरलेला असतो, सात वेळा झालेला. पहिली ओळ चिठ्ठीच्या नंबराची.

“नंबर?” तिने विचारलं.

“नंबर नाही. घरचा प्रश्न होता. चिठ्ठी झालीच नाही. झाली असती तर मी वय विचारलं असतं. कुणा परक्याची चिठ्ठी असती तर पहिली हीच गोष्ट विचारली असती. तुझं नाव डोक्यात होतं, म्हणून मी फक्त स्वतःकडे बघत बसलो.”

त्यांना वाटलं असावं की ह्यावर ती काहीतरी बोलेल. ती म्हणाली, “पुढे सांग.”

त्यांनी पुढे सांगितलं. उत्तर काय दिलं होतं, बरोबर काय होतं, पुराव्याची अट, वयाची अट. ती लिहीत गेली, एकाही शब्दाला हात न थांबवता. शेवटी प्रत्येक फतव्याखाली असते ती ओळ त्यांनी सवयीने सांगितली, “आणि अल्लाह अधिक जाणतो.”

“हे मी लिहिणार नाही.”

“ती पद्धत आहे, आपा.”

“असेल. ह्यात अल्लाहला मध्ये आणू नकोस. तीस वर्षं तुलाही ठाऊक होतं.” तिने पेनचं टोपण लावलं. त्या एका फतव्याखाली ती ओळ नाही, वही काढून कुणीही पाहावं.

शुक्रवारी ती मशिदीच्या वरच्या मजल्यावर बायकांच्या जागेत जाऊन बसली. जाळीतून खाली टोप्याच टोप्या दिसत होत्या. नमाज झाला, मुलाने हात धरून मुफ्तीसाहेबांना उभं केलं. कागद वाचता येत नव्हता, त्यांनी तोंडपाठ सांगितलं. आवाज कापला नाही. “एकतीस वर्षांपूर्वी मी एका लग्नाला हराम म्हटलं. ते हलाल होतं. ती मुलगी माझी सख्खी बहीण. मला चूक दुसऱ्या वर्षी कळली आणि मी ती लपवली. मी चुकलो.”

चारशे माणसांनी ते ऐकलं. मग खाली कुणीतरी हुंदका दिला. मग दुसऱ्याने. आपाला वाटलं, आता कुणी तरी उठून विचारेल, तीस वर्षं लपवलंस कसं? ती जाळीला धरून वाट पाहत राहिली. खाली लोक उठले ते मुफ्तीसाहेबांचे हात चुंबायला. रांग लागली.

संध्याकाळपर्यंत पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. एवढा मोठा माणूस, ह्या वयात, स्वतःच्या घरातली गोष्ट, चारचौघांत! सात माघारी लोकांना पाठ होत्याच, आता आठवी सगळ्यांत थोर ठरली. खरं तर ती पहिली चूक होती, पण असल्या बारकाव्यात कोण शिरतो? एका कापडवाल्याने डोळे पुसत सांगितलं की आज मला ईमान म्हणजे काय ते कळलं. चहा आपानेच केला, दुसरं होतं कोण. ती ट्रे घेऊन आत आली तेव्हा कापडवाला म्हणाला, “आपा, नशीब लागतं असा भाऊ मिळायला.”

तिने ट्रे त्याच्या हातात दिला. “घेऊन जा त्याला,” ती म्हणाली. लोक हसले. आपाची जीभ सगळ्यांना माहीत होती.

कुणाला वाटत असेल की आता बाइंडर परत येईल. तो काही आला नाही. तो दूरच्या गावात चार नातवंडांचा आजोबा झालेला, मधुमेहाने बेजार, आणि वह्यांना पट्ट्या लावायचं काम केव्हाच छापखान्याकडे गेलेलं. त्याला निरोप धाडू का असं भाच्याने विचारलं, तेव्हा आपा म्हणाली, “त्याच्या बायकोला कशाला ताप?” त्या माणसासाठी तिला काही नको होतं. ती आपल्या त्या चोवीस वर्षांच्या पोरीसाठी भांडत होती, जिला कुणी सांगितलं नाही की तुझ्यात काही घाण नाहीये गं. शुक्रवारी भावाचं कौतुक झालं. त्या पोरीचं नाव कुणी काढलं नाही.

शनिवारी सकाळी आपा ठरल्याप्रमाणे टेबलाशी येऊन बसली. डब्यातून एकोणतीस चिठ्ठ्या निघाल्या होत्या. मुफ्तीसाहेब हलके दिसत होते, बऱ्याच वर्षांनी नीट झोप लागलेल्या माणसासारखे. हे पाहून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती वाचत राहिली. कबुतरांच्या घाणीची चिठ्ठी झाली, सावत्र मुलीच्या लग्नात कुणी उभं राहायचं त्याची झाली. मग तिने आपल्या ओढणीच्या टोकातून एक घडी केलेला कागद सोडवला आणि त्याच सुरात वाचला.

“एका माणसाने आपल्या बहिणीचं नुकसान केलं. भरून येणार नाही असं. तिने त्याला माफ करणं शरियतने बंधनकारक आहे का?”

समोर शिंप्याचं मशीन चालू होतं, ते दोनदा थांबलं, दोनदा सुरू झालं. मग मुफ्तीसाहेबांनी डोळे मिटले, काम करताना मिटायचे तसे.

“प्रश्न अर्धा आहे,” ते म्हणाले. “त्या माणसाने बहिणीकडे माफी मागितली आहे का?”

“नाही. चारशे लोकांना सांगितलं. तिला नाही.”

त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. “लिही. लोकांपुढे चूक कबूल केली म्हणून नुकसान फिटत नाही. ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडेच माफी मागावी लागते. अल्लाहशी केलेला गुन्हा अल्लाह माफ करतो. माणसाशी केलेला त्या माणसाने माफ केल्याशिवाय सुटत नाही. मरणानंतरही नाही.” तिने वर पाहिलं नाही, पेन टेकवून ठेवलं. “तिने माफ केलं तर तिला सवाब आहे, पुण्य आहे. तिच्यावर बंधनकारक नाही. नाही केलं तर तिच्यावर कसलंही पाप नाही.”

आपाने शेवटचं वाक्य लिहिलं, खाली नंबर घातला आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. मुफ्तीसाहेबांनी चाचपडत सही केली. मग टोपी काढून मांडीवर ठेवली. टोपीशिवाय ते एकदम म्हातारे दिसले, आणि क्षणभर तिला ते अकरा वर्षांचं पोर आठवायचा प्रयत्न करावासा वाटला, पण आठवायला ती तेव्हा फारच लहान होती.

“आपा,” ते म्हणाले, “मला माफ कर.”

एकतीस वर्षांत पहिल्यांदा. ती मनात शोधत राहिली, प्रामाणिकपणे, कपाटातली एखादी वस्तू शोधावी तशी. असती तर तिने दिली असती. नव्हती.

“नाही,” ती म्हणाली.

मुफ्तीसाहेबांनी मान हलवली. “बरोबर आहे,” ते म्हणाले. भावाबहिणीचं त्या घरात पहिल्यांदाच एकमत झालं होतं.